'फॉरमॅट मारावं लागेल' असं कोणी म्हणालं तर

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण कायद्याबद्दल ऐकलं, थकलेल्या पोटगीबद्दल ऐकलं. आता माझा विषय वाचून काही जणींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. अपडेट झाल्यावर संगणक सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात आणि गाडी तिथेच थांबते. त्याचं काय करायचं, हा काय बायकांच्या बैठकीतला विषय झाला? मला विचाराल तर झाला. आपल्या केंद्रातल्या त्या खोक्यात काय आहे, ते तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. बाईने तीन तास बसून सांगितलेली हकीकत त्यात आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली भरलेले अहवाल आहेत. पाठीवरच्या वळांचे फोटो आहेत, नवऱ्याने रात्री दोन वाजता पाठवलेल्या धमक्या आहेत. आणि ती सध्या कुठे राहते तो पत्ता आहे, जो सासरच्यांना कळू नये म्हणून आपण किती आटापिटा केला.

पूर्वी हे सगळं लोखंडी कपाटात असायचं. किल्ली एका ताईच्या कमरेला. ती गावाला गेली की कपाट बंद, मग कोणीही येवो. आता कपाटाच्या जागी संगणक आला, पण किल्लीचा विचार आपण तितक्या गांभीर्याने केला नाही. यंत्र बंद पडलं की कोणाचा तरी भाऊ किंवा पुतण्या ते उचलतो, स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवतो आणि दुकानात नेऊन देतो. अमरावती काय आणि अकोला काय, शहरं एवढीच की दुकानदार कोणाचा तरी मेव्हणा निघतोच. तो यंत्र लावून बघतो आणि म्हणतो, "ताई, विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागेल." संध्याकाळी यंत्र घरी येतं. सुरू होतं, छान चालतं. आत काही नसतं.

दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढे दहा यंत्रं रांगेत असतात. त्याला पैसे मिळतात ते यंत्र सुरू करून देण्याचे, आतले कागद जपण्याचे नाही. सगळं पुसून नव्याने टाकणं हा त्याच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता. पण आपला रस्ता तो नाही. अपडेटनंतर यंत्र सुरू झालं नाही, तर बहुतेक वेळा दार अडकलेलं असतं, घर जळालेलं नसतं. आतले कागद जागच्या जागी असतात. आधी कागद बाहेर काढायचे, मग दार दुरुस्त करायचं. मी जे काही सांगणार आहे ते एवढ्यावरच उभं आहे.

आता हे दार म्हणजे काय, ते समजून घेऊ. मी बरीच वर्षं अमरावतीत संगणक शिकवते. संगणकाच्या वर्गांत आपण टंकलेखन शिकलो, तक्ते करायला शिकलो, पण पडदा उजळण्याच्या आधी आत काय होतं ते कोणी शिकवलं नाही. घड्याळ कसं बघायचं ते शिकवलं, चावी कशी द्यायची ते नाही.

तुम्ही बटण दाबता तेव्हा संगणकाला काहीच आठवत नसतं. आपली फाइल कुठे आहे हे तर सोडाच, विंडोज नावाचं काही आपल्यात आहे हेही त्याला ठाऊक नसतं. मुख्य पाटीवर एक छोटा कायमचा प्रोग्राम बसवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय. तो उठतो, पडदा-कीबोर्ड-डिस्क हजर आहेत का ते बघतो, आणि डिस्कवरच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन विचारतो, पुढचं कोण सांगणार? त्या कोपऱ्यात जो बसलेला असतो तो बूटलोडर. त्याचं काम एवढंच, की खऱ्या यंत्रणेला, म्हणजे विंडोजला किंवा लिनक्सला, हाक मारून उठवायचं आणि बाजूला व्हायचं. जुन्या पद्धतीत हा कोपरा केवढा असे? ५१२ बाइट. त्यातले बूटलोडरच्या वाट्याला ४४६. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. नव्या पद्धतीत डिस्कचा एक छोटासा वेगळा भाग त्यासाठी राखून ठेवतात. तुमच्या हजार केसपेपरांची जागा वेगळी आणि या हाक मारणाऱ्याची जागा वेगळी. हाक मारणारा गप्प झाला म्हणून झोपलेला माणूस मेला असं होत नाही.

'बूट' हा शब्दही गमतीचा आहे. आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणं, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीतून तो आला. आपल्यातल्या किती जणी तशाच उभ्या राहिल्या आहेत!

यंत्र हे पुरुषाचं काम, असं कोणी म्हणालं तर त्याला एक हकीकत सांगा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एनिॲक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक बांधला. त्याला गणित समजावून देण्याचं काम १९४५ साली सहा बायकांकडे आलं. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्या यंत्रात सुरुवातीला प्रोग्राम साठवायची सोयच नव्हती. प्रत्येक नव्या गणितासाठी तारा उपटायच्या, दुसरीकडे खोचायच्या, बटणं फिरवायची. यंत्राला कामाला लावणं म्हणजे त्या बायकांचे हात. १५ फेब्रुवारी १९४६ ला तो संगणक जगाला दाखवला, तेव्हा प्रात्यक्षिकाची सगळी तयारी त्यांनी केलेली होती. रात्री मेजवानी झाली, तिचं बोलावणं मात्र त्यांना नव्हतं. आणि आज आपल्याला सांगतात, बाई, तू बटणाला हात लावू नको!

असो. दार अडकतं कसं?

आपल्याकडचं पहिलं कारण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. लाइट जाते. अपडेट चालू असताना पडद्यावर 'बंद करू नका' असं लिहून येतं, आणि एप्रिल-मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर, पंखे-कूलर सगळ्या गावात सुरू, नेमकी तेव्हाच लाइट जाते. यंत्र त्या कोपऱ्यातला जुना मजकूर खोडत असतं, नवा अजून लिहायचा असतो. उठवलं तर कोऱ्या पोस्टकार्डाकडे बघत बसतं. म्हणून साधा नियम असा, की अपडेट सकाळी, यूपीएसची बॅटरी धड असेल तेव्हा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. बाई समोर बसून बोलते आहे आणि मागे अपडेट चालू आहे, असं कधी करू नये. ते तिच्या दृष्टीनेही बरं दिसत नाही.

दुसरं कारण, एका डिस्कवर दोन यंत्रणा. हे आपल्या गटांमध्ये वाढलं आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चिप लागते, आणि आपल्याला देणगीत मिळालेल्या कितीतरी यंत्रांत ती नाही. मग कोणी इंजिनिअरिंगच्या मुला-मुलींना हाताशी धरून शेजारी लिनक्स बसवून घेतलं, उबंटू किंवा मिंट. चांगलं केलं. फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतं, मराठी नीट दिसतं. पण विंडोज काढून टाकता येत नाही, कारण आपले जुने कागद कृतिदेवमध्ये नाहीतर श्रीलिपीत टंकलेले आहेत आणि जुने अंक पेजमेकरमध्ये. ते युनिकोडमध्ये आणायचं काम दर वार्षिक सभेत ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. म्हणून एकाच घरात दोन जावा. आणि दाराशी बसलेला बूटलोडर दोघींना हाक मारणारा, त्याचं नाव ग्रब.

यातली एक जाव अपडेट झाली की कधीकधी दारावर स्वतःचं नाव वर लावते. लिनक्स 'गायब' झालं म्हणून फोन येतात, त्यातल्या निम्म्या वेळी एवढंच झालेलं असतं. बटण दाबल्याबरोबर एफ-२, एफ-१२, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एक कळ टिचकत राहायची. कंपनीप्रमाणे कळ बदलते, बहुतेक यंत्रं ती क्षणभर पडद्यावर दाखवतात. मग यादी येते, तिच्यात लिनक्सचं नाव दिसलं की ते वर सरकवायचं. काम संपलं. यासाठी फॉरमॅट मारलेली यंत्रं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या कागदांची किंमत कोणत्याही बिलात लिहिलेली नव्हती.

आता जरा अवघड प्रसंग सांगते. २०२४ चा ऑगस्ट महिना. अकोल्याच्या एका केंद्रातून फोन आला. फोन करणारी कार्यकर्ती इथे बसलेली आहे, म्हणून नाव घेत नाही.

"ताई, चालू केलं की काहीतरी लिहून येऊन राह्यलं अन् आपोआप बंदच पडते."

"काय लिहून येतं?"

"वाचूच देत नाही ना! दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा लागते. नेऊ काय?"

मी म्हटलं, कुठेही नेऊ नको. मोबाइल हातात धर, पुन्हा चालू कर आणि अक्षरं आली की फोटो काढ. तिने काढला. मग एकेक अक्षर लावून तिने मला वाचून दाखवलं. इंग्रजी वाक्य होतं, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग', म्हणजे काहीतरी गंभीर बिघडलं आहे. त्याच्या पुढेमागे 'एसबॅट' असा एक शब्द. पहिलं वाक्य वाचून तिचा धीर खचला होता. साहजिक आहे. डॉक्टरने येऊन 'गंभीर आहे' एवढंच म्हणावं आणि निघून जावं, तसलं ते वाक्य. पण मला तो दुसरा शब्द ऐकून हायसं वाटलं, कारण त्या आठवड्यात जगभर हजारो लोक तोच शब्द वाचत होते.

झालं होतं असं. बूटलोडर कोणीही बदलून चोरवाटेने आत शिरू नये, म्हणून नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारा असतो. ज्याच्या कागदावर ओळखीचा शिक्का, त्यालाच आत सोडायचं. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांत एक दोष २०२२ साली उघडकीला आला होता. तसल्या जुन्या आवृत्त्यांना आत सोडू नये, अशी यादी मायक्रोसॉफ्टने १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमधून पाठवली. ज्या यंत्रावर दोन यंत्रणा आहेत तिथे ती लागू करायची नाही, असंही ठरलं होतं. पण काही यंत्रांवर दोन यंत्रणा आहेत हे त्या अपडेटला ओळखताच आलं नाही. चोराला अडवायला नवा पहारेकरी ठेवावा आणि त्याने माहेरी आलेल्या लेकीलाच दारात अडवावं, तसं झालं. कंपनीने नंतर ते मान्य केलं, तात्पुरता उपाय सांगितला आणि कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमधून आली.

आम्ही फोनवर काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी यादी उघडून विंडोज निवडायला सांगितलं. विंडोज सुरू झालं. म्हणजे डिस्क जिवंत. मग तिथे जाऊन बघितलं की डिस्कला कुलूप, म्हणजे बिटलॉकर, घातलेलं आहे का. नव्हतं. हे आधी बघायचं कारण असं, की बिटलॉकर असताना सिक्युअर बूटला हात लावला तर यंत्र लांबलचक किल्ली मागतं. किल्ली जवळ नसेल तर आतापर्यंत उघडं असलेलं दारही बंद होतं. मग बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. लिनक्स उठलं, सगळे केसपेपर जागेवर. मी म्हटलं, आता पुढचं काही करायचं नाही, आधी हे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. ती म्हणाली, "आता तं सुरू झालं ना ताई, काहून?" पण घेतलं उतरवून. त्यानंतर मोकयूटिल नावाच्या आज्ञेने ती यादी पुसली, लिनक्समध्ये एकदा पुन्हा सुरू केलं, लिनक्सची स्वतःची अपडेटं घेतली, आणि सिक्युअर बूट परत चालू केलं. हे शेवटचं विसरायचं नाही. पहारा कायमचा उठवून ठेवण्यात शहाणपण नाही.

सव्वा तास लागला. दुकानात जायला-यायला तेवढा वेळ लागतोच.

ग्रबची दुसरी एक तक्रार असते. पडद्यावर फक्त 'ग्रब रेस्क्यू' एवढं येतं आणि पुढे लुकलुकणारी रेघ. याचा अर्थ असा, की हाक मारणारा उठला आहे, पण ज्या खोलीत त्याचं सामान होतं ती खोलीच त्याला सापडत नाही. डिस्कचे भाग कोणी कमी-जास्त केले, एखादा भाग पुसला किंवा मोठ्या अपडेटने त्यांचे क्रम हलवले, की असं होतं. त्या रेघेपुढे आज्ञा लिहून वाट दाखवता येते, पण मी तो रस्ता तुम्हाला सुचवणार नाही. घाबरलेल्या माणसाने तिथे काही टंकू नये. त्यापेक्षा पेनड्राइव्ह.

हा पेनड्राइव्ह म्हणजे आपल्या केंद्रातली प्रथमोपचाराची पेटी. आठ जीबीचा साधा घ्या. दुसऱ्या चालू यंत्रावर लिनक्स मिंट त्यात उतरवून घ्या. बंद पडलेल्या यंत्राला तो लावून, मघाच्या यादीतून पेनड्राइव्ह निवडून सुरू केलं, की अख्खी यंत्रणा पेनड्राइव्हवरूनच उठते. डिस्कला धक्का लागत नाही. पडद्यावर 'इन्स्टॉल' असं चित्र दिसतं, त्याला मात्र हात लावायचा नाही. ते चित्र म्हणजे फॉरमॅटचा पत्ता. फोल्डर उघडा, आपली डिस्क दिसेल, तिच्यातले कागद दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर ओढून घ्या. कितीही वेळ लागो. ते झालं की मिंटच्या त्याच पेनड्राइव्हवर 'बूट रिपेअर' नावाचं अवजार आहे, ते चालवा. बहुतेक वेळा ग्रब पुन्हा जागेवर बसतो. नाही बसला, तरी आता तुम्ही निर्धास्त. मग दुकानदाराने फॉरमॅट मारला तरी तुमचं काही जात नाही.

फक्त विंडोज असलेल्या यंत्रांचंही थोडक्यात सांगते. दोन-तीनदा सुरू व्हायला चुकलं, की विंडोज आपणहून दुरुस्तीची निळी पाटी दाखवतं. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे, ते आधी. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', म्हणजे शेवटचं अपडेट काढून टाका. याने पुष्कळदा भागतं. निळी पाटीच येत नसेल तर विंडोजचा पेनड्राइव्ह लावून 'रिपेअर'वर जायचं. तिथे बीसीडीबूट नावाची आज्ञा आहे, ती दाराचा मजकूर नव्याने लिहून देते. मात्र तिथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून आधी आपला विंडोजचा फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते बघायचं. त्याच पाटीवर 'रीसेट' असं एक गोड बटण आहे. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर तो फॉरमॅटचा सख्खा भाऊ.

आणि बायॉसच्या यादीत डिस्कचं नावच दिसत नसेल, किंवा आतून टिक-टिक आवाज येत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे दार नाही, घरच हललं आहे. कधी नुसती वायर सैल असते. आपल्या भागात खोक्यात कापसाचं लिंट आणि धूळ इतकी बसते की उघडल्यावर उशी भरता येईल. पण आवाज येत असेल तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका, बंद ठेवा आणि डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे स्वतः घेऊन जा. स्वतः म्हणजे स्वतः. समोर बसून राहायचं.

आता किल्लीबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

१९ जुलै २०२४ ला काय झालं ते पेपरात वाचलं असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या एका संरक्षक प्रोग्रामने आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभर पाठवली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तेवढ्यात ८५ लाख यंत्रं निळा पडदा दाखवून अडकली. विमानं थांबली, दवाखाने थांबले. आपल्या देशात विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. तो दोष बूटलोडरचा नव्हता, पण यंत्र उठेना, हे सारखंच. उपाय साधा होता, एक फाइल पुसायची. मग एवढे दिवस का लागले? कारण प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन बसावा लागला, आणि कित्येक यंत्रांना बिटलॉकरचं कुलूप होतं. किल्ली कोणाकडे आहे हेच शोधत मोठमोठ्या कंपन्या बसल्या होत्या.

त्याच महिन्यात, ९ जुलैच्या विंडोज अपडेटनंतरही काही यंत्रं सुरू होताना ही किल्ली मागू लागली होती. किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून यंत्र सुरू केलं, तर हे कुलूप पुष्कळदा न विचारता लागतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. आता आठवा, तुमचा लॅपटॉप आला तेव्हा तो सुरू कोणी करून दिला? एखाद्या ताईच्या पुतण्याने. त्याने कोणाचा ईमेल टाकला? स्वतःचा, कारण तोच त्याला पाठ होता. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे आणि आपल्या साऱ्या केसपेपरांची किल्ली त्याच्या खात्यात आहे. ती विसरलेली आहे म्हणून बरं, असं म्हणून चालेल का?

आपल्याकडे येणाऱ्या बाईला आपण काय विचारतो? तुझा फोन सुरू कोणी करून दिला, त्यात खातं कोणाचं, नवऱ्याचं तर नाही? कारण त्या खात्यावरून ती कुठे जाते, कोणाशी बोलते, हे तो घरी बसून बघू शकतो. हे आपण तिला समजावून सांगतो. तोच प्रश्न आपल्या टेबलावरच्या यंत्राला एकदा विचारावा.

कुलूप नको असं मी म्हणत नाही. कुलूप हवंच. यंत्र चोरीला गेलं, दुकानात राहिलं, तर तेवढंच संरक्षण. फक्त किल्ली गटाच्या खात्यात असावी आणि कागदावर छापून, दोन जणींकडे, दोन वेगळ्या घरी. यंत्राच्या पिशवीत नाही. मी एका ठिकाणी ती पडद्याच्या कडेला चिकटवलेली पाहिली आहे.

अजून एक मुद्दा, हा वकील ताईंसाठी. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातल्या कलम ६३ प्रमाणे संगणकातला कागद कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात ते ६५-ब मध्ये होतं. त्या कलमाची एक अट नीट वाचण्यासारखी आहे. त्या काळात यंत्र नीट चालू होतं, किंवा चालू नसल्यास त्या बिघाडाचा नोंदीवर परिणाम झालेला नाही, असं त्यात सांगावं लागतं. मग समोरचा वकील उठून विचारणारच, बाई, तुमचं यंत्र मार्चमध्ये बंद पडलं होतं ना, मग हे फोटो खरे कशावरून? त्याला उत्तर एक वही. तारीख, काय लिहून आलं त्याचा फोटो, कोणी काय केलं, यंत्र कुठे नेलं, कोण सोबत बसलं, कागद कधी उतरवून घेतले. चार ओळी आणि सही. आपण सभेचं इतिवृत्त लिहितो ना, तसंच. फॉरमॅट मारून आणलेल्या यंत्राबद्दल मात्र अशा चार ओळीही लिहिता येत नाहीत, कारण मूळ नोंदच उरलेली नसते.

कोणीतरी मघाशी विचारलं, एवढं सगळं करण्यापेक्षा अपडेटच बंद करून टाकू का? नको. अपडेट म्हणजे पडक्या भिंतीची डागडुजी. ती नाही केली तर चोराला भोक आयतं मिळतं. फक्त घाई नको. महिन्याचं मोठं अपडेट आलं की चार-सहा दिवस थांबा, इतरांची यंत्रं कशी वागताहेत ते कळतं. आदल्या दिवशी कागद उतरवून घ्या. आणि गटातल्या दोन यंत्रांवर एकाच दिवशी अपडेट करू नका. एक सून बाळंतपणाला गेली असताना दुसरीला कोणी गावाला पाठवत नाही.

मी येताना मिंटचे सहा पेनड्राइव्ह तयार करून आणले आहेत, तीन अमरावतीच्या गटांसाठी, तीन अकोल्याच्या. चहा होऊ द्या. त्यानंतर हा समोरचा जुना लॅपटॉप, मी मुद्दामच याचा बूटलोडर पुसून ठेवला आहे, तो प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने उठवायचा. जिला इंग्रजी वाचायला अडतं तिने पहिल्यांदा यायचं, कारण तिला वेळ जास्त लागेल आणि मला ती घाई नको आहे. ज्यांनी आपापले लॅपटॉप आणलेत त्यांनी तोवर खातं कोणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा.